जिप्सीच्या मागच्या पिनियनचं ऑइल सील : नऊ महिने आणि एक पावसाळा

गाडी २००६ची जिप्सी किंग, पेट्रोल. घर पुण्यात, शेत पानशेतच्या पुढे. आठवड्याला एखाद-दुसरी फेरी होते. शेवटचे चार किलोमीटर कच्चा रस्ता आणि पावसाळ्यात वाटेत दोन ओढे. गेल्या मे महिन्यात मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) पिनियन सील बदललं. पिनियन म्हणजे त्या डब्यात शिरणारा दात्यांचा दांडा, आणि सील म्हणजे इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट जिथे त्याला जोडला जातो तिथलं, तेल अडवणारं रबरी कडं. आता फेब्रुवारी संपत आलाय, गाडी साडेपाच हजार किलोमीटर चालली आहे आणि त्या जागी बोट फिरवलं तर बोटाला फक्त धूळ लागते. त्याच जागचं सील जानेवारीत एकदा बदलून झालं होतं आणि ते सहा आठवडेही टिकलं नव्हतं, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय.

गळतीची सुरुवात ओळखायला मला उशीर झाला. पार्किंगमध्ये डाग पडायचा तो जेमतेम रुपयाएवढा. पण शाफ्ट फिरत असल्यामुळे खरं तेल जमिनीवर पडतच नाही, ते गोल भिरकावलं जातं. गाडीखाली झोपून पाहिलं तेव्हा फ्लँजच्या, म्हणजे शाफ्ट जिला जोडतात त्या पिनियनवरच्या चकतीच्या, बरोबर वर, पत्र्याच्या खालच्या बाजूला, आडवा काळा पट्टा दिसला. वास घेतला की शंका राहत नाही. गिअर ऑइलमध्ये गंधकयुक्त रसायनं असतात, त्यांचा तो उग्र वास साबणाने दोनदा हात धुतले तरी जात नाही.

जानेवारीत एका गॅरेजमध्ये काम करून घेतलं. तासाभरात गाडी हातात. जुनं सील उपटलं, नवं ठोकलं, एअर गनने नट आवळला, कमी झालेलं तेल वरून भरलं. मार्चमध्ये तोच काळा पट्टा परत आला. मला वाटलं सील हलक्या प्रतीचं असणार, म्हणून नाना पेठेत जाऊन चांगलं सील घेऊन आलो. ते बसवून घ्यायला मात्र गॅरेजऐवजी शेताजवळच्या वाडीत ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीमामांकडे गेलो, आणि तिथे माझी समजूत बदलली.

मामांनी सीलकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "सील ऱ्हाऊ द्या बाजूला. आधी ब्रीदर दावा तुमचा." ब्रीदर म्हणजे ॲक्सलच्या (डिफरन्शियल ज्यात बसतं त्या चाकांच्या आसाच्या) नळीवर बसवलेलं छोटं टोपण, आतली हवा बाहेर-आत जाण्यासाठी. माझ्या गाडीचं टोपण वाळलेल्या चिखलाने दगडासारखं बंद झालेलं. हवेला वाट नसेल तर काय होतं ते हिशेबाने कळतं. सकाळी ३० अंशांवर असलेली आतली हवा घाट चढून ८० अंशांवर गेली की दाब जवळपास एक षष्ठांशाने वाढतो. हवेला दुसरी वाट नसल्याने ती सीलच्या रबरी ओठातून तेल घेऊन बाहेर पडते. उलट तापलेलं ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं की हवा आक्रसते आणि त्याच ओठातून पाणी आत ओढलं जातं. आम्ही तेल काढलं तेव्हा ते दुधाळ कॉफीसारखं निघालं. म्हणजे आदल्या पावसाळ्यापासून बेअरिंग पाण्यातच फिरत होती, आणि जानेवारीत तेल बदलायच्या ऐवजी त्यातच भर घातली गेली होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट फ्लँज काढल्यावर दिसली. सीलचा ओठ फ्लँजच्या ज्या गुळगुळीत भागावर घासतो, तिथे गोल चर पडली होती. मामांनी माझं बोट धरून नख त्यावरून फिरवायला लावलं. नख अडकलं. असल्या चरीवर कितीही महागाचं सील बसवा, ओठ नीट टेकतच नाही.

यावर तीन उपाय होते. नवा फ्लँज घ्यायचा, पण मला हवा तसा लगेच मिळेना. नवं सील दोन मिलिमीटर वर-खाली बसवून ओठ चरीच्या बाजूला आणायचा. ट्रॅक्टरवर मामा हेच करतात आणि ते चालतंही, पण माझ्या फ्लँजवर चर रुंद होती. तिसरा उपाय मी निवडला : एसकेएफ कंपनीची स्पीडी-स्लीव्ह. ही स्टेनलेस स्टीलची अगदी पातळ बांगडी, जाडी ०.२८ मिलिमीटर. चरीत मेटल एपॉक्सी भरायचं, ते ओलं असतानाच बांगडी वरून बसवायची. इतकी पातळ असल्यामुळे सीलचं माप बदलावं लागत नाही. खरेदीआधी व्हर्नियरने चर न पडलेल्या जागी व्यास मोजा, दोन-तीन ठिकाणी. मी एकदाच मोजून दुकानात गेलो आणि चुकीचं माप घेऊन आलो, पुण्याची एक फेरी वाया गेली. किमतीला ही बांगडी सीलच्या कितीतरी पट महाग पडते, तरी पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

सील साधं नायट्राइल रबराचं, दोन ओठांचं घेतलं : आतला ओठ तेलासाठी, बाहेरचा धुळीसाठी. दुकानदार व्हायटनचं सुचवत होता. ते २०० अंशांपर्यंत टिकतं हे खरं, पण माझं ॲक्सल तेवढं तापतच नाही. जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात, ते वाचून आणि व्हर्नियरने ताडून घ्यावेत.

कामात सगळ्यात जपायची जागा पिनियनचा नट, म्हणजे फ्लँज पिनियनवर आवळून धरणारा. त्याच्या आत बेअरिंगांच्या मध्ये चेपणारी नळी असते आणि नट किती आवळला यावर बेअरिंगवरचा ताण ठरतो. गनने भसाभस आवळलं तर नळी जास्त चेपते, बेअरिंग तापते आणि काही दिवसांत डिफरन्शियल रडायला लागतं. मामांनी खोलायच्या आधी दोन्ही चाकं आणि ड्रम उतरवले, फ्लँजला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढली. सव्वादोन किलोवर फ्लँज फिरायला लागला. मग नट आणि पिनियनच्या टोकावर पंचने खूण, शाफ्ट आणि फ्लँजवरही खूण, म्हणजे शाफ्ट होता तसाच परत बसेल. फ्लँज धरून ठेवायला दोन भोकं पाडलेली लांब लोखंडी पट्टी. फ्लँज काढायला पुलर, हातोडी अजिबात नाही. बसवताना नट नवा घेतला आणि हाताच्या पान्याने थोडा थोडा आवळत प्रत्येक वेळी काटा लावला, अडीच किलोला थांबलो. एवढ्यालाच दुपार गेली.

सील बसवताना ओठाच्या मागच्या बारीक स्प्रिंगभोवती ग्रीस दाबून भरलं, नाहीतर ठोकताना ती निसटते आणि सील पहिल्या दिवसापासून गळतं. सील मापाच्या पाइपच्या तुकड्याने सरळ आत ढकललं. स्प्लाइनमधूनही, म्हणजे फ्लँज ज्यांत बसतो त्या पिनियनवरच्या खाचांमधूनही, तेल झिरपतं, म्हणून नटाच्या वायसरखाली सीलंटचा पातळ थर दिला. आणखी एक सवय लावून घ्या : तेल काढण्याआधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते पाहा. तो जाम असेल आणि खालचा आधी उघडलात तर गाडी जागेवरच अडकते. मागच्या डिफरन्शियलला साधारण दीड लिटर तेल लागतं, भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत.

ब्रीदरचं टोपण कायमचं काढलं. त्या जागी पितळी निपल आणि त्याला पेट्रोलची रबरी नळी, ती चॅसिसला बांधत मागच्या दिव्यापर्यंत वर नेली, टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि माझ्या मते सील टिकलं ते मुख्यतः यामुळे.

जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्याला पाणी हबच्या वर होतं. पाण्यात उतरण्याआधी मी पाच-दहा मिनिटं गाडी थांबवतो, ॲक्सल निवू देतो. सप्टेंबरात पत्र्याखाली पुन्हा ओला पट्टा दिसला आणि छातीत धस्स झालं. सगळं डिझेलने पुसून कोरडं केलं, सीलभोवती टाल्कम पावडर मारली, चाळीस किलोमीटर चालवलं. सीलजवळची पावडर पांढरी होती, क्रॉसजवळची, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्याजवळची, भिजलेली. क्रॉसला मीच जास्त ग्रीस भरलं होतं, तेच उडत होतं. वासावरूनही कळायला हवं होतं, ग्रीसला गंधकाचा तो वास नसतो.

दिवाळीनंतर तेल उघडून पाहिलं. रंग स्वच्छ मधासारखा, दुधाळपणा नाही. पातळी भोकाच्या काठाला. डिफरन्शियलचा आवाज साठच्या वेगाला थोडा आहे, पण तो कामाआधीही होता. पाण्यात फिरलेल्या बेअरिंगचं आयुष्य परत आणता येत नाही, कधीतरी ती बदलावी लागेल आणि त्या वेळी चेपणारी नळीही नवीच घालेन. समोरच्या ॲक्सलचा ब्रीदर अजून जुनाच आहे. त्यासाठी निपल आणून ठेवलंय, नळी दोन मीटर लागेल असा अंदाज आहे, आणि मामांनी पाडव्याच्या आधीचा रविवार दिला आहे.