माल्डी-टॉफ: नाव झटपट सांगतं, स्ट्रेन मात्र विचारू नका

आमच्या लॅबला माल्डी-टॉफ (प्रोटीनच्या वजनावरून जंतूचं नाव ओळखणारं मशीन) येऊन दोन वर्षं झाली, घ्यायचं की नाही असा विचार चाललाय त्यांच्यासाठी लिहितेय. आधी टीएसआय, सिट्रेट, युरिएज अशा रासायनिक चाचण्या सगळ्या लावून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे कॉलनी (प्लेटवर वाढलेला जंतूंचा ठिपका) समोर दिसत असूनही नाव उद्या. आता सकाळी कॉलनी टूथपिकने उचलायची, स्टीलच्या टार्गेट प्लेटवर फासायची, वर १ मायक्रोलिटर मॅट्रिक्स (लेझरची ऊर्जा शोषणारं रसायन), सुकलं की मशीनमध्ये, आणि चहा पिऊन येईपर्यंत नाव स्क्रीनवर. लेझरने प्रोटीन उडतात, हलकी डिटेक्टरपर्यंत आधी पोचतात आणि जड नंतर, मग २,००० ते २०,००० डाल्टनमधला (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) पीकचा तो पॅटर्न डेटाबेसशी जुळवतात. आमच्या मशीनवर जुळणीचा स्कोअर २ च्या वर गेला की स्पीशीज (प्रजाती), १.७ ते २ असेल तर जीनसवरच (प्रजातींच्या गटावर) थांबायचं.

फासण्यातच सगळं आहे हो. नवीन मुलं जाड थर देतात आणि मग पीकच येत नाहीत, थर इतका पातळ हवा की प्लेट तिरपी धरली तरच दिसेल. कँडिडा (यीस्ट, म्हणजे बुरशी) असेल तर मॅट्रिक्सच्या आधी ७० टक्के फॉर्मिक ॲसिडचा थेंब द्या, जाड सेल वॉल नुसत्या मॅट्रिक्सला दाद देत नाही.

एक तारा कापलाय तो टायपिंगसाठी, म्हणजे एकाच स्पीशीजमधले स्ट्रेन (उपप्रकार) वेगळे ओळखण्यासाठी. एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या आयसीयूतून) पाच बाळांच्या ब्लड कल्चरमध्ये क्लेबसिएला न्यूमोनिए आला, सॉफ्टवेअरच्या डेंड्रोग्रॅममध्ये (साम्य दाखवणाऱ्या झाडासारख्या आकृतीत) पाचही एकाच फांदीवर, आम्ही एकच सोर्स धरून शोधत बसलो. नंतर सीक्वेन्सिंग केलं तर दोन स्ट्रेन वेगळे निघाले, तोवर आठवडा गेला होता आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं. खरंतर माल्डी-टॉफमध्ये बहुतेक पीक रायबोसोमच्या प्रोटीनचे, ती एका स्पीशीजमध्ये जवळपास सारखीच असतात, मग स्ट्रेन वेगळा दिसणार कसा? ई. कोलाय आणि शिगेलासुद्धा हे मशीन नेहमीच्या पद्धतीत नीट वेगळे करत नाही, तिथे सिरॉलॉजी (अँटिसिरमची चाचणी) लावाच. आउटब्रेकची शंका आली तर पीएफजीई (डीएनएच्या तुकड्यांचा पॅटर्न ताडून बघणं) किंवा होल जीनोम सीक्वेन्सिंग करा, माल्डी-टॉफवर विसंबू नका.

नावासाठी मात्र डोळे झाकून घ्या, पाचपैकी चार तारे. फक्त डेमोला येतील तेव्हा डेटाबेस कधी अपडेट झालाय आणि त्यात कँडिडा ऑरिस, बर्खोल्डेरिया सुडोमॅलाय (मेलिओइडोसिसचा जंतू) आहेत का ते विचारा, कोकणातल्या लॅबनी तर दुसरं नाव नक्कीच.