‘आधी बेळगावचं एनओसी आणा’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

कुपवाड, मिरज भागात प्रेसवर, लेथवर काम करताय आणि त्याआधी बेळगावात काही वर्षं काढलीत, तर हे वाचाच.

माझ्या उजव्या हाताला दोनदा मार बसला. 2019 मध्ये बेळगावच्या उद्यमबागेत मधल्या बोटाचं टोक गेलं. तिथल्या मालकानं दवाखान्याचं बिल भागवलं, विषय तिथंच मिटला. 2022 मध्ये कुपवाडला पॉवर प्रेसखाली तर्जनीची दोन पेरं गेली. शेडमध्ये आम्ही सातच जण, त्यामुळे ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, नव्हतं. (तुमच्या पगारातून ईएसआय कापत असतील तर मालकावर दावा चालत नाही, ईएसआयकडेच जायचं.)

टाके निघायच्या आतच एक गृहस्थ घरी हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत फाइल, आल्याआल्या आईला वाकून नमस्कार. "वकीलसाहेबांचा माणूस आहे," म्हणाला. बेळगावचं कळलं तसा त्याचा सूर बदलला. "दादा, हात तोच, राज्य दुसरं. तिकडच्या लेबर ऑफिसचं एनओसी लागणार, तेही कन्नडमधनं. त्याशिवाय सांगलीत केस उभीच राहत नाही." त्यासाठी दहा हजार घेतले. बेळगावचं डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे, दोन्ही ओरिजिनल, घेऊन गेला.

पुढच्या खेपेला मालकाकडचे चाळीस हजार आणि शंभरचा स्टँप पेपर. त्यावर टाइप केलेलं: ‘उजव्या हाताच्या बोटास पूर्वीचीच इजा असून यापुढे कोणतीही मागणी नाही.’ कुठलं बोट, ते लिहिलेलंच नाही! माझ्या उजव्या हाताला बँडेज, म्हणून डावा अंगठा घेतला.

नंतर युनियनमधल्या एका काकांनी हिशोब मांडला. असलं एनओसी कुठल्याच कायद्यात नाही. अपघातावेळी लागू होता तो 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. त्यात अपघात झाला ते ठिकाण, कामगार राहतो ते ठिकाण किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय, यांपैकी कुठंही दावा करता येतो. म्हणजे बेळगावचाही दावा सांगलीत चालला असता. दोन अपघात, दोन मालक, तर दावेही दोन. पहिल्या बोटाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

तर्जनीची दोन पेरं म्हणजे कमाईच्या ताकदीचं 11 टक्के नुकसान. पगार 14,000, त्याचे 60 टक्के 8,400. वय 35, त्याचा कायद्यात ठरवलेला गुणक 197.06. या गुणाकाराचे 11 टक्के काढले तर 1,82,083 रुपये होतात. शिवाय महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज. आणि मला काय मिळालं? चाळीस, त्यातून त्याचे दहा वजा.

तो स्टँप पेपरही पोकळच. हक्क सोडल्याचा करार त्याच 1923 च्या कायद्याच्या कलम 17 नुसार रद्दबातल. तडजोड त्या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवलेली नसेल तर मालक पूर्ण भरपाईला बांधील, आणि आयुक्तांनी वेगळं सांगितल्याशिवाय आधी दिलेल्या रकमेतलीही निम्म्यापेक्षा जास्त त्याला वळती करता येत नाही. मुदत मात्र अपघातापासून दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं, आणि हे एजंट नेमका वेळच खातात, राव.

कुपवाडचा दावा मुदतीत सांगलीत दाखल झालाय. बेळगावचा उशिराचा अर्ज जोडून केलाय. दवाखान्यानं रजिस्टर बघून डिस्चार्ज कार्डाची दुसरी प्रत दिली, चांगलं मराठीत बोलून. एक्स-रे त्या गृहस्थाकडेच राहिला, आणि त्याचा फोन लागत नाही.