प्लीहा काढलेल्या पेशंटची लस घ्यायची असेल तर हे मेडिकल (सात रस्ता)

अपघातानंतर माझ्या धाकट्या भावाची प्लीहा (पोटातला रक्त गाळणारा अवयव, स्प्लीन) काढावी लागली. डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी) अशा तीन जंतूंविरुद्धच्या लसी लिहून दिल्या. आधी गेले त्या दुकानात लस नुसत्या कॅरीबॅगेत घालून हातात दिली. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन! मी ती घेतलीच नाही.

इथल्या काकांनी चिठ्ठी नीट वाचली आणि आधी विचारलं, "ताई, ऑपरेशन होऊन दोन आठवडे झाले ना?" मग फ्रिज उघडून दाखवला. सगळ्या लसी मधल्या कप्प्यात, दारात एकही नाही. तापमान २ ते ८ अंशांच्या आत, सकाळ-संध्याकाळच्या नोंदींची वही बाजूला अडकवलेली. डब्यात आइसपॅक ठेवताना लस आणि बर्फाच्या मध्ये कागदाची जाड घडी घातली, कारण ही लस गोठली तरी वाया जाते.

मी बारावीला बायोलॉजी शिकवते, म्हणून हे मला फार मोलाचं वाटतं. बी पेशी आणि टी पेशी या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. बी पेशी म्हटलं की टी पेशींची मदत घेऊन सावकाश अँटिबॉडी बनवणाऱ्या, एवढंच मुलांना ठाऊक असतं. प्लीहेतल्या मार्जिनल झोनच्या (रक्तातले जंतू टिपणाऱ्या कडेच्या भागातल्या) बी पेशी इतक्या थांबत नाहीत. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवर साखरेचं कवच असतं. ते रक्तात दिसलं की या पेशी टी पेशींची वाट न बघता आयजीएम नावाच्या अँटिबॉडी सोडतात. २०१२ साली उंदरांच्या प्लीहेत जीएम-सीएसएफ (संरक्षक पेशींना चालना देणारं प्रोटीन) तयार करणाऱ्या बी पेशीही सापडल्या. त्यांचं काम बंद पडलं की जंतू हटत नाहीत, दाह हाताबाहेर जातो आणि सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी करू शकणारी जीवघेणी अवस्था) बळावतो. प्लीहा गेली की हा पहाराच उठतो. त्यामुळे घरात सगळ्यांना बजावलंय, भावाला ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

न्यूमोकोकलच्या दोन लसी असतात. त्यातल्या कॉन्जुगेट लसीत कवचातली तीच साखर प्रोटीनला जोडलेली असते, त्यामुळे टी पेशीही कामाला लागतात. ती आधी, आणि न्यूमोकोकसच्या २३ प्रकारांवरची लस किमान ८ आठवड्यांनी, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. काकांनी दुसरीची तारीख बिलामागे लिहून दिली आणि आदल्या दिवशी आठवणीने फोनही केला.

मेनिंगोकोकलची लस मात्र आधी सांगून मागवावी लागते. दुपारी दुकान बंद असतं, संध्याकाळी जा. डबा घरून नेलात तर बरं.