वायू नळातून आणावा की जहाजातून?

देशात निघणारा नैसर्गिक वायू मागणीला पुरत नसेल, तर तो आणण्याच्या मुख्य वाटा दोन: पाइपलाइन किंवा एलएनजी, म्हणजे जहाजातून येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू.

पाइपलाइनचा मोठा खर्च सुरुवातीलाच होतो. विकणारा देश जवळ असेल, तर पुढे वर्षानुवर्षे वायू तुलनेने स्वस्तात मिळतो. पण नळाच्या दुसऱ्या टोकाला विकणारा ठरलेला असतो. 2022 मध्ये रशियाने पुरवठा आवळला तेव्हा जर्मनीला याची किंमत कळली.

एलएनजीसाठी वायू उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रव केला जातो. त्याचे आकारमान सुमारे 600 पटींनी घटते, म्हणून तो टँकरमधून समुद्रापार नेता येतो. द्रवीकरण, वाहतूक, पुन्हा वायूत रूपांतर, प्रत्येक टप्प्यावर पैसा आणि ऊर्जा खर्च होते. त्या बदल्यात कतार, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असे अनेक विक्रेते मिळतात. जर्मनीने 2022 च्याच डिसेंबरमध्ये विल्हेल्म्सहाफेन बंदरात तरंगते टर्मिनल, म्हणजे एलएनजी उतरवून पुन्हा वायू करण्याचे केंद्र, सुरूही केले.

मात्र जहाज वळवता येते, आणि ते जास्त भाव देणाऱ्याकडे वळते. युरोपने चढ्या दराने खरेदी केली, तेव्हा पाकिस्तान आणि बांगलादेशाला वायू परवडेना. वायूवरची वीजनिर्मिती घटली आणि तिथले लोक अंधारात बसले. ही बाब मला सर्वांत जास्त टोचते.

म्हणून बारमाही मागणीसाठी पाइपलाइन किंवा दीर्घ मुदतीचे करार असावेत. टर्मिनल मात्र हवेच, काही महिने रिकामे राहिले तरी.