नाकाबंदीतलं फुंकणं: यंत्र चांगलं, पद्धत ढिली

आधी निकाल सांगून टाकू. रस्त्यावर पोलिसांच्या हातात दिसणारा ब्रेथ अ‍ॅनालायझर यंत्र म्हणून पाचपैकी चार गुणांचा आहे. तो वापरायची पद्धत मात्र जेमतेम दोनची. ‘मशीन काहीही दाखवतं’ ही ओरड बहुतेक वेळा खोटी असते आणि ‘मशीनने दाखवलं म्हणजे प्यायलेलाच’ हेही सरसकट खरं नसतं.

यंत्राच्या पोटात फ्युएल सेल असतो. प्लॅटिनमचा लेप दिलेले दोन इलेक्ट्रोड आणि त्यांच्यामध्ये आम्लात भिजलेला सच्छिद्र थर. माणूस फुंकत असताना आतला छोटा पंप ठरलेल्या मापाची हवा ओढून घेतो, तिच्यातल्या इथेनॉलचं अ‍ॅसिटिक आम्ल होतं आणि त्यात सुटलेल्या विजेवरून आकडा निघतो. मधुमेहात श्वासाला येणाऱ्या अ‍ॅसिटोनला हा सेल जवळजवळ दाद देत नाही, म्हणून ‘मला शुगर आहे, त्यामुळे दाखवतंय’ ही सबब इथे फारशी टिकत नाही. कांदा, पुदिना, पान, वेलदोडा यांनी तोंडाचा वास झाकतो, आकडा नाही. पण सॅनिटायझरमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल या सेलला कळतं. हात चोळून ओल्या हाताने फुंकायची नळी बसवली, तर पहिला ‘श्वास’ त्या हाताचाच असतो.

कायद्याला रक्तातला आकडा हवा असतो आणि यंत्र मोजतं श्वास. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलि रक्तात 30 मिग्रॅपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा. 2100 मिलि श्वासात जेवढं अल्कोहोल, तेवढं 1 मिलि रक्तात, असं धरून यंत्र गुणाकार करतं. 2100 हा मानलेला आकडा आहे. माणसागणिक तो वरखाली होतो, एकाच माणसात पिताना एक आणि उतरताना दुसरा असू शकतो. बाहेर पडणारा श्वास सुमारे 34 अंशांचा धरलेला असतो आणि तो एका अंशाने गरम असला तर आकडा सहा-सात टक्क्यांनी चढतो. म्हणजे तापात फुंकणाऱ्याचे 29 सहज 30 पार जातात. 28 आणि 31 मधला फरक यंत्राच्या आवाक्यातला नाही, हे यंत्र बनवणारेही जाणतात. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या कायदेशीर तपासणीच्या, आंतरराष्ट्रीय शिफारशीत अशा यंत्राला नव्याने तपासतानाही लिटरभर श्वासामागे 0.02 मिग्रॅची चूक चालते, आणि आपल्या एककात ती चारच्या वर जाते.

इंग्लंडमध्ये रस्त्यावरचं फुंकणं फक्त चाळणी असतं. पुराव्याचा आकडा पोलीस ठाण्यातल्या मोठ्या यंत्रावर दोनदा घेतात आणि दोन्हींतला कमी तो धरतात. मर्यादा 35 (तिथलं एकक वेगळं: 100 मिलि श्वासात मायक्रोग्रॅम) असताना 40 च्या आत खटला न भरण्याची रीतही तिथे आहे. आपल्याकडे अशी सूट कायद्यात नाही. 95 वाल्याला काही फरक पडत नाही, रगडला जातो तो 32 वाला.

आता ती 30 ची रेषा केवढी, तेही पाहू. 60 मिलि व्हिस्कीत सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. 70 किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी घेतली तर हिशेबाने 40-45 येतात. 55 किलोच्या स्त्रीला 30 मिलिचा एकच पेग रेषेपर्यंत नेतो. स्ट्राँग बिअरची 650 मिलिची बाटली 70 किलोवाल्याला 80 च्या पुढे ढकलते. तासाला साधारण 15 उतरतात (कुणाचे 10, कुणाचे 20), म्हणजे रेषेखाली यायला चारेक तास. ‘एकच घेतली’ हा बचाव म्हणूनच गणितात बसत नाही.

खरा घोळ तोंडातल्या अल्कोहोलचा आहे. नुकतंच काही पोटात गेलं असेल तर तोंडात, दातांच्या फटीत, कवळीखाली अल्कोहोल राहतं आणि फुंकताना थेट यंत्रात जातं. रक्तात थेंब नसताना मोठा आकडा येऊ शकतो. दारूच हवी असं नाही. अल्कोहोलवाला माऊथवॉश, काही खोकल्याची औषधं, होमिओपॅथीचा अर्क, आणि आपल्या घरोघरी असलेली दशमूलारिष्ट, द्राक्षासव यांसारखी आसवं-अरिष्टं. यांत मुरण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतंच. केरळात पंदळमच्या एसटी आगारात 2025 च्या जुलैत चालक फुंकण्याच्या चाचणीत अडकले. कारण निघालं पिकून आंबू लागलेला फणस. शून्य दाखवणाऱ्याने गरे खाऊन पुन्हा फुंकलं तर आकडा आला. कोकणात बरका खाऊन गाडीत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

यावर उपाय फुकटचा आहे: 15 मिनिटं थांबणं. त्या वेळात खाणं-पिणं, सिगारेट, ढेकर-उलटी काही नको. ढेकर आला तर घड्याळ पुन्हा शून्यावर. मग दुसऱ्यांदा फुंकायचं. तोंडातलं अल्कोहोल असेल तर दुसरा आकडा धाडकन खाली येतो, रक्तातलं असेल तर जवळपास तिथेच राहतो. नाकाबंदीत मागे गाड्यांची रांग लागलेली असताना हेच सगळ्यात आधी गाळलं जातं, आणि पद्धतीला दोनच गुण मिळण्याचं मुख्य कारण हेच. कलम 203 मध्ये श्वासाचे ‘एक किंवा अधिक’ नमुने म्हटलंय, ठाण्यात नेल्यावर पुन्हा फुंकायची संधी द्यायला सांगितलंय. तेव्हा दुसऱ्या चाचणीची मागणी म्हणजे हुज्जत नव्हे. ‘साहेब, दहा मिनिटांपूर्वी औषध घेतलंय, थोडं थांबून परत घ्या’ हे शांतपणे आणि फुंकण्याआधी सांगावं. नंतर सांगितलं की तीच गोष्ट सबब वाटते.

पुष्कळ ठिकाणी आधी नळीशिवाय, तोंडासमोर यंत्र धरून बोलायला किंवा फुंकायला लावतात. ती नुसती हुंगण्याची चाचणी. मागच्या सीटवर तिघं प्यायलेले असतील आणि काचा बंद असतील, तर न पिणाऱ्या चालकासमोरही यंत्र ओरडतं. यावर कुणाला पकडता येऊ नये. गाडीतून उतरून, मोकळ्या हवेत, नळी लावून घ्यायचं ते मोजमाप. नळी सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली हवी. त्याआधी यंत्राने कोऱ्या हवेवर शून्य दाखवलं पाहिजे, कारण आधीच्या माणसाचे 180 आले असतील तर सेलला मोकळं व्हायला वेळ लागतो. केरळ उच्च न्यायालयानेही हे आधीचं शून्य महत्त्वाचं मानलं आहे. फुंकायचं एका दमात, चार-पाच सेकंद, बीप थांबेपर्यंत. अर्धवट फुंकलं तर यंत्र नमुना नाकारतं आणि समोरच्याला वाटतं हा टाळतोय. फुंकण्यापूर्वी श्वास कोंडून धरू नका, त्याने आकडा वाढतो.

छापून येणारी चिठ्ठी वाचा, नुसती सही ठोकू नका. तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, चाचणी क्रमांक, आकडा आणि एकक बघा; काही यंत्रं शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीखही छापतात. सेल जुना झाला की सुस्तावतो आणि ज्ञात तीव्रतेच्या वायूवर ठरावीक मुदतीने, साधारण सहा महिने ते वर्षाने, त्याला सरळ करावं लागतं. पुराव्यासाठीच्या यंत्रांची दरवर्षी पडताळणी व्हावी असा मसुदा केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने वैधमापन नियमांखाली काढला, ही चांगली गोष्ट. चिठ्ठी थर्मल कागदाची असते, उन्हात किंवा खिशात महिन्याभरात पुसट होते. त्याच रात्री फोटो काढा.

दंडाबद्दल थोडक्यात: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड किंवा दोन्ही. हे प्रकरण कोर्टातच जातं, जागेवर पावती फाडून मिटत नाही. जागेवर पैसे मागणारा नियमाबाहेर मागतोय. फुंकायला नकार देणं सगळ्यात वाईट: त्यावर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि तो नकार तुमच्याविरुद्ध वापरता येतो.

आकडा मान्य नसेल तर रक्त तपासणी, आणि तिथे घड्याळ दोन्ही बाजूंना लागू आहे. कलम 202 नुसार अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसू देऊ नका. अल्कोहोल नसलेलं जंतुनाशक मागा. नमुना सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत जायला हवा, नाहीतर पडून राहिलेल्या रक्तात जंतू स्वतःच अल्कोहोल तयार करू शकतात. सील आणि लेबल समोर व्हावं. मे 2024 च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. श्वासाचा आकडा यंत्राच्या स्मृतीत वेळेसकट बसतो, बाटली मात्र हातोहात फिरते. म्हणून ‘रक्त म्हणजे पक्कं, श्वास म्हणजे कच्चं’ असं डोळे झाकून मानू नये.

आता ऑनलाइन मिळणाऱ्या घरगुती यंत्रांविषयी. हजाराच्या आसपासची किचेनवाली यंत्रं बहुतेक टिन ऑक्साइडच्या सेन्सरवर चालतात. त्यांना अ‍ॅसिटोन, परफ्यूम, सिगारेटचा धूर, सगळंच अल्कोहोल वाटतं. बरेच दिवस ड्रॉवरमध्ये पडून राहिलं की पहिलं रिडिंग भलतंच येतं, बॅटरी उतरली की आकडाही चुकतो. हे यंत्र 20 दाखवतंय म्हणून किल्ली हातात घेणं मूर्खपणा. फ्युएल सेलवालं याच्या कैक पट महाग असतं, पण घ्यायचंच तर तेच. एकक आधी बघा: 30 मिग्रॅ म्हणजेच 0.03 टक्के, म्हणजेच 0.30 ग्रॅम प्रति लिटर रक्त, म्हणजेच सुमारे 0.14 मिग्रॅ प्रति लिटर श्वास. 0.14 वाचून ‘0.30 अजून लांब आहे’ म्हणणारा आत्ताच काठावर उभा असतो. विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: कॅलिब्रेशन कुठे, किती दिवसांत, किती रुपयांत? ‘गरजच पडत नाही’ असं उत्तर आलं तर तिथून घेऊ नका.