पिन न विचारताच म्हणाला, 'डेटा दिसतोय सर'

गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या विसर्जनाला गुहागरच्या समुद्रात उतरलो आणि फोन पँटच्या खिशातच राहिला. बाहेर आलो तेव्हा स्क्रीनवर एक हिरवट रेघ होती, पाच मिनिटांत तीही गेली. घरी येऊन जगाने करू नयेत त्या दोन्ही गोष्टी केल्या. फोन तांदळाच्या डब्यात पुरला आणि रात्री 'बघू तरी' म्हणून चार्जरला लावला. तांदळाने आतलं पाणी निघत नाही. ॲपलने तर आपल्या मदतपानावर आयफोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे कण आत जाऊन बिघाड होईल, असं स्पष्ट लिहिलंय. चार्जरचं पाप त्याहून मोठं. बोर्डावर खारं पाणी असताना वीज सोडली की तांबं आणि सोल्डरचा धातू दोन्ही खायला सुरुवात होते. एका रात्रीत बरंच खाल्लं जातं.

फोन गेल्याचं दुःख नव्हतं, चार वर्षांचा जुना होता. पण त्यात आजीच्या ओव्या होत्या. मे महिन्याच्या सुट्टीत जात्यापाशी बसवून तिच्याकडून म्हणून घेतलेल्या एकेचाळीस रेकॉर्डिंग. आजी त्या पावसाळ्यातच गेली. फोटो सगळे गूगलवर चढलेले होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. गूगल फोटोज फक्त फोटो आणि व्हिडिओच चढवतं, आवाजाच्या फाईलला हातही लावत नाही, हे मला फोन बुडाल्यावर कळलं. बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दोन तेवढ्या वाचल्या.

आधी चिपळूणला एका पोराकडे गेलो. एसटी स्टँडकडच्या गल्लीत टेबलाएवढं दुकान, वर कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास लटकलेल्या. त्याने फोन उघडला, बोर्डावरची पत्र्याची झाकणं उचलली आणि मायक्रोस्कोपखाली मला बघायला लावलं. हिरवट पांढरी बुरशी चढावी तसं काही तरी, दोन-तीन कपॅसिटरच्या, म्हणजे बोर्डावरच्या बारीक सुट्या भागांच्या, कडेला जास्त. ब्रशने थिनर मारून साफ केलं. मग पॉवर सप्लायच्या लाल-काळ्या चिमट्या लावल्या. बटण दाबायच्या आधीच काटा वर गेला.

"बटण न दाबता अँपिअर खेचतोय. मेन लाईन शॉर्ट आहे, दादा."

मल्टिमीटरचं टोक एकेका जागी टेकवत गेला, कुठे कुठे पीं वाजलं. म्हणाला, एवढुसा कपॅसिटर मेला असला तरी अख्खा फोन असाच बसतो. नेमका कुठला ते बघायला थर्मल कॅमेरा लागतो, मेला तो तापतो आणि कॅमेऱ्यात दिसतो. "माझ्याकडे कॅमेरा नाय. अंदाजाने गरम करत बसलो तर बाजूचा सीपीयू, म्हणजे मेन प्रोसेसर, जाईल. कुणाकडेही न्या, पण सीपीयू उचलू देऊ नका. पिन-पासवर्डची किल्ली त्यातच असते." मायक्रोस्कोपच्या आयपीसवर मोबाईल टेकवून त्याने उघड्या बोर्डाचे दोन फोटो काढले, "पुढच्याला दाखवा" म्हणून मला पाठवले आणि तीनशे रुपये घेतले.

एवढं समजावून सांगणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवला नाही, कारण त्याचं दुकान लहान होतं. शुद्ध मूर्खपणा, दुसरं काय.

मुंबईतल्या एका उपनगरात, स्टेशनबाहेरच्या गाळ्यात, मेलेल्या फोनमधून डेटा काढून देणारी 'लॅब' होती. तिचे रील मला महिनाभर दिसत होते. काचेमागे निळे ॲप्रन, भिंतीवर 'डेटा नाही तर पैसे नाहीत'. काउंटरवरच्या मुलाने छापील फॉर्म पुढे केला, पूर्ण इंग्रजी, बारीक अक्षर. त्यात पासवर्डचा रकाना होता. मी लिहायला घेतला तर म्हणाला, "लॉकची गरज नाही सर, आम्ही डायरेक्ट चिप वाचतो." मला बरं वाटलं. माणसं सभ्य आहेत, उगाच आपल्या फोनमध्ये नाक खुपसत नाहीत, असं वाटलं. रकाना कोरा सोडून सही ठोकली. तपासणीचे दीड हजार दिले. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून मिळाला. यूपीआयवर दुकानाचं नाव येण्याऐवजी कुणा माणसाचं आलं, तेही खटकलं नाही.

चार दिवसांनी फोन आला. सीपीयू गेलाय, मेमरी चिप काढून वाचावी लागेल, चौदा हजार, निम्मे आधी. सात टाकले. आठवड्याने व्हॉट्सॲपवर फोटो आला: कॉम्प्युटरचा पडदा, डावीकडे फोल्डरची रांग, त्यात 'रेकॉर्डिंग्ज' असं एक. "डेटा दिसतोय सर, बाकीचे टाका, कॉपी मारतो." तो फोटो मी आईला दाखवला. आई देवापाशी साखर ठेवून आली. उरलेले सात गेले. मग डोनर बोर्ड, म्हणजे दुसऱ्या फोनचा बोर्ड, हवा म्हणून सहा. मग दिवाळी, मग इंजिनिअर गावी, मग त्याच्या घरी लग्न. डिसेंबरात उत्तर आलं की डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारा, निघाला, काही होणार नाही, फोन घेऊन जा. एकूण 21,500 रुपये.

फोन घेऊन परत चिपळूणला त्याच पोराकडे गेलो. काय तोंडाने गेलो ते माझं मला माहीत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्यांनी पिन मागितला?"

"नाही."

"मग बघितलं काय त्यांनी, डोंबल?"

मग त्याने जे सांगितलं ते मी नंतर ताडूनही पाहिलं. जुन्या काळी, फोनमध्ये एन्क्रिप्शन नसताना, मेमरी चिप उचलून वाचणाऱ्या यंत्रात बसवली की फाईली सरळ दिसायच्या. या लोकांच्या रीलमध्ये जे चालतं ते बहुधा तसल्याच फोनवर. 2019 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 10 पासून नव्याने बाजारात येणाऱ्या फोनना एन्क्रिप्शन सक्तीचं झालं, आणि आयफोनमध्ये तर ते त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. फाईली उघडणारी किल्ली दोन गोष्टींतून बनते, तुमचा पिन आणि त्याच प्रोसेसरच्या पोटात असलेलं गुपित. नुसती चिप वाचली तर हाती लागतो निव्वळ कचरा. फोल्डरची अशी सुबक नावं दिसणं शक्यच नाही. म्हणजे डेटा काढायचा असेल तर तो बोर्ड कसाबसा एकदा चालू करावा लागतो. स्क्रीन-बॅटरी उसनी लावा, फोनचा कॅमेरा नसला तरी चालेल, पण मूळ सीपीयू आणि मूळ मेमरी दोन्ही जिवंत हवीत आणि शेवटी पिन टाकावाच लागतो. डोनर बोर्डाचं कामही खरं असतं, पण त्यात ही दोन्ही जोडीने उचलून दुसऱ्या बोर्डावर बसवतात. पिन न मागता 'दिसतोय' म्हणणारा खोटं बोलतोय, याला दुसरा अर्थ नाही. मला जो सभ्यपणा वाटला तोच पुरावा होता.

मी तो पडद्याचा फोटो पुन्हा काढून मोठा केला. खाली उजव्या कोपऱ्यात कॉम्प्युटरची तारीख होती, मार्चची. माझा फोन बुडाला सप्टेंबरात.

पोराने बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरला आणि आपले जुने दोन फोटो शेजारी उघडले. बराच वेळ काही बोलला नाही. मग मेमरी चिपवरचे आकडे वाचून नेटवर टाकले: 64 जीबी. माझा फोन 128 चा. जुन्या फोटोत आकडे वेगळे, कपॅसिटरभोवतीची बुरशी वेगळी, एका कडेचा ओरखडासुद्धा वेगळा. बोर्ड माझा नव्हताच. माझा विकला गेला की त्यांच्या हॉट एअर गनखाली जळून भंगारात गेला, कळायला मार्ग नाही.

दुकानात जाऊन फोटो दाखवले तर मालक म्हणाला, मधल्या काळात तुम्हीच कुणाकडून बदलून घेतला असेल. आणि माझी सही असलेला फॉर्म पुढे केला. 'बोर्डाची जबाबदारी ग्राहकाची' असं त्या बारीक इंग्रजीत होतं. पोलीस चौकीत उत्तर मिळालं, हे दिवाणी आहे. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार नोंदवली, तर चार दिवसांत मालकाचाच फोन: पाच हजार परत देतो, नेटवरचा अभिप्राय काढा. नाही काढला. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. बिल नाही ही माझी लंगडी बाजू. यूपीआयच्या नोंदी, ते व्हॉट्सॲप निरोप आणि चिपळूणच्या पोराचे दोन फोटो, एवढ्यावर चाललंय. हे तीनशे रुपयांत मिळालेले फोटो नसते तर बोर्ड बदललाय हे मलाच कळलं नसतं. तुम्ही फोन कुणाच्या ताब्यात देणार असाल तर आधी झाकणं उघडून, चिपवरचे आकडे वाचता येतील असा फोटो तिथल्या तिथे काढून घ्या. नकार देणाऱ्याकडे फोन ठेवू नका. आणि 'माझ्या परवानगीशिवाय सीपीयू, मेमरी उचलायची नाही' हे फॉर्मवर आपल्या हाताने मराठीत लिहा, मगच सही.

पोराने या वेळी पैसे घेतले नाहीत. थर्मल कॅमेरा घेतलाय म्हणाला, हप्त्यावर.

वाचलेल्या दोन रेकॉर्डिंगपैकी एक चाळीस सेकंदांचं आहे. जात्याची घरघर चालू आहे, आजी ओवी मधेच तोडून विचारते, "चालू झालं काय रे ते?" आणि मी म्हणतो, हो, तू म्हण.