जुळे सोलापुरातली छत्तीस पत्त्यांची पोकर स्पर्धा: खेळ झकास, नियमांचा कागद गायब

आधी एक शंका फेडून टाकते, कारण घरी, स्टाफरूममध्ये आणि सोसायटीच्या जिन्यात मला सगळ्यांनी हेच विचारलं: पैसे लावले होते का? नाही, पैसे लावले नव्हते. नाश्त्याचे शंभर रुपये घेतले, खेळाचा एक पैसाही नाही, आणि पैशांऐवजी खेळायच्या चिप्स जाताना डब्यात परत. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे, शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. त्यामुळे आयोजक पोरांनी दारावरच कागद डकवला होता: 'पैशाचा विषय काढणाऱ्याला चहा न देता घरी पाठवण्यात येईल.' एवढा कागद त्यांनी आठवणीने लिहिला. जो खरा लिहायला हवा होता, त्याचं पुढे सांगते.

जागा म्हणजे एका सोसायटीचा हॉल, वेळ रविवारी सकाळी दहाची. सुरू झालं अकरा वाजून गेल्यावर, पण सोलापुरात त्याला उशीर म्हणत नाहीत. आयोजक म्हणजे पुण्यात आयटीत असलेली, सुट्टीला गावी आलेली पोरं. चार टेबलं, प्रत्येकावर सहा जण. चोवीसांत बायका आम्ही तिघी. मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते, त्यामुळे 'मॅडम, तुमचं काय, तुम्ही मोजूनच खेळणार' हे वाक्य दिवसभर ऐकलं. मोजून खेळले, हे खरंच आहे.

स्पर्धेचं वेगळेपण दोन गोष्टींत. पहिली, कट्ट्यातून दुर्रीपासून पंजीपर्यंतचे सोळा पत्ते काढून टाकलेले. राहिले छत्तीस, छक्कीपासून एक्क्यापर्यंत. दुसरी, जो बाद होईल त्याने घरी जायचं नाही. त्याच टेबलावर बसून बाकीच्यांना पत्ते वाटायचे.

पहिला प्रकार या पोरांनी शोधलेला नाही. शॉर्ट डेक म्हणून तो मकाव या कॅसिनोंच्या शहरातल्या मोठ्या टेबलांवरून जगभर पसरला आणि लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज या पोकरच्या मोठ्या स्पर्धेत २०१९ साली त्याची वेगळी स्पर्धाही झाली. पण आपल्याकडच्या माणसाला तो परका वाटत नाही. लहानपणी पाच-तीन-दोन खेळताना आपण हेच करायचो की. छोटे पत्ते बाजूला, दोन सत्त्या ठेवायच्या, तीस पत्ते, तिघांत दहा-दहा. माझ्या टेबलावरच्या वयस्कर मंडळींना बावन्न पत्त्यांचा पोकर कधी जमला नव्हता, पण इथे ती अर्ध्या तासात रुळली.

पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच: आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एकेक. सातांतले उत्तम पाच धरायचे. एरवी ब्लाइंड असतात, म्हणजे दोघांनीच डावाआधी सक्तीने लावायची रक्कम. यात ते नसतात. डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाने ५० ची चिप मध्ये टाकायची, आणि ज्याच्यापुढे डीलरची चकती असेल त्याने दुप्पट. म्हणजे सहा जणांच्या टेबलावर पत्ते बघायच्या आधीच ३५० जमलेले. एवढे मध्ये पडलेले दिसले की माणूस सहजासहजी पत्ते टाकत नाही, आणि पत्तेही एकेक जोरदार येतात. बावन्न पत्त्यांत एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा हातात येते, इथे १०५ डावांत एकदा. दोन्ही बाजूंनी उघडा सिक्वेन्स, म्हणजे ओळीने चार पत्ते, फ्लॉपवर हातात असेल तर तो पुढच्या दोन पत्त्यांत पुरा होण्याची शक्यता एरवी साधारण ३१ टक्के, इथे ४५ च्या वर. त्यामुळे कंटाळा येत नाही. एक काका तर म्हणाले, "हे काय बे, सगळ्यांच्या हातात सगळंच यायलंय!"

अपवाद कलरचा, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पत्त्यांचा. एकेका रंगाचे नऊच पत्ते उरतात, म्हणून कलर जमणं अवघड होतं आणि इथे कलर फुल हाऊसला (तीन एकसारखे आणि दोन एकसारखे) मारतो. हे कुणाच्या मनात आलं म्हणून ठरवलेलं नाही. छत्तीसमधून पाच पत्त्यांचे कलर बनतात ४८०, फुल हाऊस १,७२८. बावन्नमध्ये उलटं आहे: कलर ५,१०८ आणि फुल हाऊस ३,७४४. अकरावीच्या पोरांना परम्युटेशन-कॉम्बिनेशन शिकवताना मी आता हेच उदाहरण घेणार आहे. प्राचार्यांनी विचारलं तर बघू.

याच नियमावर माझा त्या दिवसातला सगळ्यात मोठा डाव झाला. माझ्या हातात इस्पिकचा एक्का आणि नव्वी. फ्लॉप आला इस्पिक राजा, बदाम राजा, इस्पिक सत्ती. समोर मंगळवार पेठेतले एक कापड व्यापारी, तीन पत्तीत मुरलेले. त्यांनी शांतपणे चिप्स पुढे सरकवल्या. मला इस्पिकचा एक पत्ता हवा होता. न दिसलेले एकतीस, त्यांत इस्पिक पाच, दोन संधी, म्हणजे तीस टक्के. मध्ये आधीच बरंच जमलं होतं, म्हणून थांबले. चौथी आली चौकट दश्शी, काही उपयोग नाही. शेवटी इस्पिक छक्की. त्यांनी सगळं लावलं, मी पत्ते उघडले. त्यांच्याकडे किलवर राजा आणि चौकट सत्ती. फ्लॉपलाच फुल हाऊस लागलेलं! त्यांनी दोन्ही हातांनी ढीग ओढायला घेतला, तेवढ्यात वाटणारा पोरगा म्हणाला, "शेठ, थांबा. इथं कलर मोठा." शेठ एकदा माझ्या पत्त्यांकडे बघतात, एकदा त्याच्याकडे. तीन पत्तीत कलर सिक्वेन्सच्याही खाली, आणि इथे तो फुल हाऊसच्या वर! "हे कुठं लिहिलंय?" असं त्यांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. कुठेच लिहिलेलं नव्हतं. सुरुवातीला तोंडी सांगितलं तेव्हा शेठ खाली स्कूटर लावत होते.

माझी मुख्य तक्रार हीच. पुढे शेजारच्या टेबलावर तर खरंच वाजलं. एकाकडे ट्रेल, म्हणजे तीन अठ्ठ्या, दुसऱ्याकडे सिक्वेन्स. मोठं कोण? शॉर्ट डेकमध्ये जगात दोन्ही पद्धती चालतात. काही ठिकाणी ट्रेल वर, काही ठिकाणी सिक्वेन्स. गणिताने पाहिलं तर पाच पत्त्यांत सिक्वेन्स दुर्मीळ (६,१२० विरुद्ध १६,१२८), पण हातातले दोन आणि मधले पाच असे सात पत्ते धरले की हिशेब फिरतो. म्हणजे कुठलाही नियम धरा, पण आधी धरा. इथे एक आयोजक एक सांगतोय, दुसरा मोबाइलवर भलतंच शोधून दाखवतोय, आणि सहा जणांचा चहा गार व्हायलाय. शेवटी ट्रेल मोठा ठरवला आणि सिक्वेन्सवाले गृहस्थ रागाने सुशीलाची, म्हणजे चुरमुऱ्यांच्या नाश्त्याची, दुसरी प्लेट घेऊन गॅलरीत गेले. एका पानावर क्रम छापून टेबलावर चिकटवायला दहा रुपयांची झेरॉक्स पुरली असती.

बाद झालेल्याने वाटायचं, ही कल्पना मात्र मला बेहद्द आवडली. साध्या स्पर्धेत बाद झालेला माणूस मोबाइल काढून कोपऱ्यात बसतो किंवा गाडी काढतो. इथे हरलेला टेबलाचा मालक होतो. आमच्याकडे सगळ्यांत आधी गेले ते पूर्व भागातले एक काका, यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग नीट चालवून देणारे कारागीर, म्हणून आयुष्य काढलेले. त्यांच्या हातात कट्टा आल्यावर टेबलाची चालच बदलली. तुटलेला धागा चिमटीत धरणारी ती बोटं: प्लॅस्टिकचे नवे, निसरडे पत्ते आमच्या हातून सटकत होते, त्यांच्या हातात मऊ होऊन बसले. पंख्याखाली फ्लॉपचे पत्ते उडायचे, तर त्यांनी न सांगता प्रत्येक पत्त्यावर एकेक रिकामी चिप ठेवायला सुरुवात केली. माझा पत्ता जरा वर झाला की हळूच, "मॅडम, दिसायलंय बघा." ज्या पोराने त्यांना बाद केलं होतं, त्यालाही तितक्याच मायेने वाटत होते. नंतर त्याला एक्क्यांची जोडी दिली तेव्हा म्हणाले, "घे, आणि जा आता घरी," तेवढंच.

सगळेच वाटणारे असे नव्हते, हेही सांगते. एकजण पिसताना तळाचा पत्ता सगळ्यांना दाखवत होता. टेबलं एकत्र झाली तसे जादा झालेले वाटणारे खेळणाऱ्यांच्या पाठीमागे उभे राहून भुवया उडवू लागले. ते बंद करायला हवं.

वेग हा दुसरा दोष. प्रत्येकाला ५,००० च्या चिप्स आणि दर बारा मिनिटांनी चढावा, म्हणजे डावाआधी टाकायची ती ५० ची रक्कम, दुप्पट. नवख्या हातांनी बारा मिनिटांत चार-पाच डाव होतात, म्हणजे चकतीची एक फेरीही पुरी होत नाही तोवर भाव वाढलेला. पाचव्या टप्प्याला ८०० होतात. तेव्हा सहा जण उरले असतील तर सरासरी २०,००० प्रत्येकी, आणि एक फेरी नुसतं बसून राहिलात तरी ५,६०० गेले. मग डोकं चालवायला जागा राहत नाही, सगळे ऑल-इन, म्हणजे असतील तेवढ्या चिप्स एकदम पुढे. शेवटच्या टेबलावर दश्श्यांच्या जोडीवर मी बाद झाले, समोर एक्का-राजा. या खेळात ती लढत जवळजवळ निम्मी-निम्मी असते, त्यामुळे कुरकूर नाही. पण वीस मिनिटांचे टप्पे ठेवले असते तर तो डाव मी टाकून दिला असता. नंतर मीही वाटायला बसले, आणि काकांनी मला पिसताना अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं.

बक्षिसांबद्दल काय बोलावं! पहिलं बक्षीस सोलापुरी चादर. अहो, सोलापूरकराच्या घरात लग्नाकार्यातल्या आहेरांच्या चादरी माळ्यावर पडलेल्या असतात. विजेत्याचा चेहरा बघण्यासारखा होता. दुसऱ्याला टॉवेलचा सेट. तिसऱ्याला शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचं पुडकं मिळालं, आणि हॉलमधल्या निम्म्या लोकांचा डोळा त्याच्यावर होता. उत्तम वाटणाऱ्याला काहीच नाही, हे मला खटकलं. तसं मी आयोजकांना तिथेच सांगितलं.

नाश्ता चांगला, सुशीला गरम होती आणि शेंगदाण्यात हात आखडला नव्हता. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह, कुलूप लागणारं, हे मुद्दाम लिहिते. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, पाठदुखी असेल तर उशी न्या. ट्यूबलाइट थेट टेबलावर असल्याने चकचकीत पत्त्यांवर तिरीप येते, म्हणून खिडकीकडे पाठ होईल अशी जागा धरा. पार्किंग खाली भरपूर, पण दहाच्या आत पोचा. नियम तेव्हाच सांगतात, आणि एकदाच.

पाचपैकी साडेतीन. कागद छापला आणि वीस मिनिटांचे टप्पे केले तर साडेचार. पोरं म्हणतात पुढची दिवाळीच्या सुट्टीत. मी जाणार आहे, आणि शेठही येणार म्हणाले. क्रमाचा कागद ते स्वतःच छापून आणणार आहेत.